नक्कल, कुलूप आणि घरचा प्रेक्षक

घाटंजीच्या तहसील कचेरीत ‘नक्कल’ या शब्दाला कसलीही वाईट छटा नाही. सातबाऱ्याची नक्कल, फेरफाराची नक्कल, जन्मनोंदीची नक्कल. अर्ज द्यावा, ठरलेली फी भरावी आणि सहीशिक्क्याची प्रत घेऊन घरी जावे. मूळ दप्तर कचेरीत राहावे आणि त्याची प्रत गरजवंताच्या हाती असावी, यात दोघांचेही हित आहे हे महसूल खात्याला इंग्रजी अमलापासून ठाऊक आहे. परीक्षेच्या वर्गात मात्र ‘कॉपी’ हा शब्द कानी पडताच पर्यवेक्षक दचकतो. एकाच कृतीची ही दोन रूपे: एक नोंद जपणारे, दुसरे फसवणूक करणारे. दूरचित्रवाणीवर लागलेल्या कार्यक्रमाची प्रेक्षकाने आपल्या घरी करून ठेवलेली नक्कल यांपैकी कोणत्या सदरात घालावयाची, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. वस्तुतः तो तसा नाही.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्याने कधीच दिलेले आहे, आणि ते बहुतेकांच्या समजुतीच्या उलट आहे. १९५७ चा प्रताधिकार कायदा प्रक्षेपणसंस्थांना त्यांच्या प्रक्षेपणावर २५ वर्षांचा हक्क देतो. परंतु त्याच प्रकरणातील कलम ३९, १९९४ च्या दुरुस्तीनंतरच्या स्वरूपात, असे सांगते की स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापनासाठी अथवा संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण वा चित्रमुद्रण हा त्या हक्काचा भंग समजला जाणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीने याला आणखी बळ दिले. खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठीच्या ‘उचित व्यवहारा’ची जी सवलत पूर्वी साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांच्यापुरती होती, ती संगणक-प्रणाली वगळता सर्वच कृतींना लागू झाली; अर्थात चित्रपटांनाही. तेव्हा रात्री दाखवला गेलेला विज्ञानाचा कार्यक्रम घाटंजीच्या एखाद्या शिक्षकाने मुद्रित करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वर्ग शिकवताना वापरला, तर कायद्याच्या लेखी तो चोर नाही. पोरांची परीक्षा आहे म्हणून क्रिकेटचा सामना मुद्रित करून रविवारी पाहणारा कारकूनही चोर नाही.

असे असूनही या दोघांना आज ही गोष्ट सरळपणे करता येत नाही. कायद्याने दिलेले पेटीने काढून घेतले आहे, आणि हे काढून घेणे कोणत्याही विधिमंडळात चर्चेला आले नाही. एका विनियमाच्या अनुसूचीतील एका ओळीने ते घडले. अशी ओळ वाचण्याचा प्रसंग प्रेक्षकावर सहसा येत नाही.

हे कसे घडले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८२ साली रंगीत दूरचित्रवाणी आली आणि त्या वर्षीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास व्हीसीआर नावाचे यंत्र मध्यमवर्गाच्या परिचयाचे झाले. १९८४ साली लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर विणले गेले आणि जिल्ह्याच्या ठिकाणांच्या आसपासच्या गावांतही छपरांवर अँटेना दिसू लागल्या. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांना त्या काळचे दृश्य आठवत असेल: लग्नाच्या वा गणपतीच्या निमित्ताने रात्रीपुरता भाड्याने आणलेला व्हीसीआर, अंगणात मांडलेला टीव्ही, आणि पहाटेपर्यंत चालणारे तीन चित्रपट. त्या कॅसेटींपैकी किती अधिकृत होत्या याची चौकशी कोणी करीत नसे. त्याच वर्षी संसदेने प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती करून ‘व्हिडिओ फिल्म’ची व्याख्या केली, कॅसेटीवर मालकाचे नाव व प्रमाणपत्राचा तपशील छापणे बंधनकारक केले आणि चोरीची शिक्षा तीन वर्षांपर्यंत वाढवली. रोख होता तो व्यापार करणाऱ्यावर. घरात एक कॅसेट भरून ठेवणाऱ्याकडे कायद्याची नजर नव्हती, आणि नसावी हेच योग्य होते.

ही सीमारेषा मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ साली अधिक ठळक केली. गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या खटल्यात केबलचालक आपल्याकडील यंत्रावर चित्रपटाची कॅसेट लावून ती तारेवाटे वर्गणीदारांच्या घरोघर दाखवीत होता. पाहणारा आपल्या घरात बसून पाहतो, तेव्हा हे खासगी पाहणे आहे, असा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. शेकडो घरांना एकाच वेळी पैसे घेऊन दाखवणे म्हणजे जनतेपुढे सादर करणेच होय, मग ती जनता आपापल्या बैठकीच्या खोलीत का बसलेली असेना. निर्णय रास्त होता. घर आणि धंदा यांच्यातला भेद त्याने पुसला नाही, उलट स्पष्ट केला. पुढे २००९ साली महाराष्ट्राने तर झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ मध्ये केलेल्या कायद्यातच ‘दृक्‌श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’ बसवल्या. खटल्यावाचून बारा महिन्यांपर्यंत डांबून ठेवण्याची ही तरतूद अतिरेकी आहे असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. पण तेथेही शत्रू म्हणून पुढे धरला आहे तो धंदेवाईक चोर, घरचा प्रेक्षक नव्हे.

घरचा प्रेक्षक या चित्रात आला तो पेटीबरोबर. केबल दूरचित्रवाणी कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि सर्व वाहिन्यांचे प्रक्षेपण सांकेतिक रूपात, ज्याची किल्ली पेटीतच असेल अशा अंकीय पद्धतीने करणे केबलचालकांवर बंधनकारक झाले. मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर, नागपूरसारख्या शहरांत २०१३ च्या मार्चअखेर, उरलेल्या शहरी भागांत २०१५ च्या डिसेंबरअखेर आणि राहिलेल्या भागांत २०१७ च्या मार्चअखेर अशा मुदती नेमल्या गेल्या. हेतू वाईट नव्हता. केबलचालक आपले वर्गणीदार लपवतात, वाहिन्यांचे पैसे बुडतात आणि सरकारचा करही बुडतो, ही तक्रार खरी होती. पेटीमुळे प्रत्येक घराची नोंद झाली, चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या वाढल्या. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शनने हाय डेफिनिशन, म्हणजे एचडी, प्रक्षेपण सुरू केले होते. २०१६ मध्ये मराठी खासगी वाहिन्याही एचडी रूपात दिसू लागल्या. पूर्वी केबलची तार थेट व्हीसीआरमध्ये खुपसून मुद्रण करता येत असे. आता तारेतून जे येते ते संकेतलिपीत असते आणि ती लिपी फक्त पेटीला वाचता येते. दूरदर्शनच्या ज्या वाहिन्या दाखवणे केबलचालकांवर कायद्यानेच बंधनकारक आहे आणि ज्या जनतेच्या पैशावर चालतात, त्याही केबलवाटे येताना याच संकेतलिपीत येतात. जनतेचा कार्यक्रम जनतेपाशी कुलूपबंद होऊन पोहोचावा, यातली विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे.

पेटीपासून टीव्हीपर्यंतचा मार्गही मोकळा नाही. एचडी चित्र ज्या एचडीएमआय तारेने जाते, तीत एचडीसीपी नावाची नक्कलबंदीची योजना बसवलेली असते. इंटेल कंपनीने ती तयार केली. पेटी आणि टीव्ही एकमेकांना आधी किल्ल्या दाखवतात. पलीकडचे यंत्र परवानाधारक आहे अशी खात्री पटली तरच चित्र पुढे जाते. त्या जागी साधे मुद्रणयंत्र जोडले तर पडदा काळा राहतो. जुन्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या तारांचे तोंड ज्या पेटीला आहे, तिच्यातून चित्र निघते, पण ते एचडी नसते. पेटीलाच मुद्रणाची सोय असेल तर? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ३ मार्च २०१७ रोजी काढलेल्या आंतरजोडणी विनियमांच्या तिसऱ्या अनुसूचीत पेट्यांसाठी जे निकष घालून दिले, त्यांत मुद्रणाची सोय असलेल्या पेटीत नक्कलबंदीची व्यवस्था असलीच पाहिजे असे म्हटले आहे. परिणामी सर्वसाधारण अशा पेटीवर मुद्रित केलेला कार्यक्रम त्याच पेटीत, तोही वर्गणी चालू असेतोवर, पाहता येतो. ती तबकडी संगणकाला लावली तर तिच्यात काही वाचण्याजोगे सापडत नाही. पेटी बिघडली आणि दुसरी आली तर जुने मुद्रण मुके होते. कपाट आपले, कपाटातला माल आपण भरलेला, पण किल्ली दुकानदाराकडे, असा हा प्रकार आहे.

येथे कोणी म्हणेल की एचडी मुद्रण ही शहरातल्या सुखवस्तू लोकांची हौस. यवतमाळच्या आग्नेयेस कोरडवाहू कापूस, तूर आणि सोयाबीनवर जगणाऱ्या तालुक्याला तिच्याशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे, आणि ते मुंबईपेक्षा अधिक आहे. कार्यक्रमाची वेळ आणि पाहणाऱ्याची वेळ यांचा मेळ जेथे सर्वांत कमी बसतो, तेथे मुद्रणाची गरज सर्वांत मोठी असते. २००५ नंतर कित्येक वर्षे विदर्भाच्या ग्रामीण भागाने भारनियमनाचे दीर्घ तास काढले. (वीज नसताना मुद्रणयंत्रही बंदच असते, हे खरे, पण शेजारच्या गावी वीज असते, नात्यातले कोणी असते, आणि कॅसेट एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकत असे. बंद पेटीतले मुद्रण जाऊ शकत नाही.) कापूस वेचणीच्या दिवसांत घरातली माणसे दिवसभर शेतावर असतात आणि थोरली मुलेही असतात. मुंबईच्या प्रेक्षकाला चुकलेला भाग दुपारी मोबाइलवर पाहता येतो, कारण तेथे जाळे दाट आहे आणि डेटा भरण्याची ऐपत आहे. तालुक्याच्या गावाबाहेर पाच-सात किलोमीटर गेले की या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत.

२०२० च्या टाळेबंदीने याची परीक्षाच घेतली. शाळा बंद होत्या. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती केली होती आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर ती आधारलेली होती. उपक्रम चांगला होता. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता त्या घरांतल्या मुलांचा विचार करून तो योजला होता, हे विशेष. प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली. परंतु एका घरात तिसरी, पाचवी आणि सातवीतली तीन भावंडे असतील आणि टीव्ही एक असेल, किंवा नेमक्या वेळी मुलगी धाकट्याला सांभाळत असेल, तर तो दिवसाचा पाठ गेला. अशा घराला पाठ मुद्रित करून रात्री पाहता आला असता, शाळेला सगळे पाठ एका तबकडीवर साठवून पुढच्या वर्षी वापरता आले असते. कलम ३९ याला पूर्ण परवानगी देते. केबलच्या पेटीला ते कलम ठाऊक नाही. दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेच्या साध्या, स्वस्त पेट्यांवर मात्र पुष्कळदा पेनड्राइव्ह लावून सरळ मुद्रण करता येत होते, कारण ते प्रक्षेपण कुलूपबंद नव्हते. ज्याने दरमहा पैसे मोजले त्याच्या हाती कमी, आणि ज्याने मोजले नाहीत त्याच्या हाती जास्त, असा हा उलटा न्याय ठरला.

एके काळी सरकारची दृष्टी याहून उदार होती. १९८७ च्या शैक्षणिक तंत्रविज्ञान योजनेखाली केंद्राने प्राथमिक शाळांना रेडिओ-कॅसेटप्लेअर आणि टीव्ही संच पुरवण्यास साह्य केले. रेडिओबरोबर कॅसेट का दिली असावी? आकाशवाणीची वेळ आणि शाळेची घंटा जुळत नाहीत, शिक्षकाला एखादा पाठ पुन्हा ऐकवावासा वाटतो, हे योजनाकारांना कळत होते म्हणूनच. त्या यंत्रांपैकी किती कपाटात धूळ खात पडली ही गोष्ट वेगळी. निदान धोरण तरी शिक्षकाला वेळेच्या जोखडातून सोडवू पाहत होते.

अर्थात दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. मराठी चित्रपट आणि मालिका यांचा बाजार हिंदीच्या मानाने लहान. निर्मात्याने कर्ज काढून केलेली कृती पहिल्याच आठवड्यात मोबाइलच्या दुकानात वीस रुपयांना भरून मिळू लागली, तर पुढची कृती होत नाही. लेखक, तंत्रज्ञ, रंगभूषाकार यांची चूल थंडावते. एचडी मुद्रणाची प्रत मूळच्या इतकीच चांगली असते आणि तिच्या हजार प्रती काढल्या तरी दर्जा घसरत नाही. व्हीसीआरच्या कॅसेटीचे तसे नव्हते, तिसऱ्या प्रतीलाच चित्र पांढुरके होई. तेव्हा निर्मात्यांची भीती पूर्वीपेक्षा मोठी आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण कुलूप कोणाला अडवते? २०१६ च्या जूनमध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या आधीच इंटरनेटवर फुटला, तेव्हा त्या प्रतीवर सेन्सॉरसाठी असल्याची खूण होती. कोणा प्रेक्षकाच्या बैठकीच्या खोलीतून ती निघाली नव्हती. चित्रपटगृहात कॅमेरा लपवून केलेल्या मुद्रणाचा उपद्रव मोठा आहे आणि त्यासाठी संसदेने २०२३ मध्ये चित्रपट कायद्यात स्वतंत्र कलम घालून तीन महिने ते तीन वर्षांची कैद ठेवली, तेही रास्त. एचडीसीपीचे म्हणाल तर तिची मुख्य किल्लीच २०१० च्या सप्टेंबरात उघड झाली, आणि ती खरी असल्याचे इंटेलने मान्य केले. त्या दिवसापासून धंदेवाईक चोराला हे कुलूप नाममात्र उरले. आडवे राहिले ते घाटंजीच्या शिक्षकाला, ज्याच्याकडे किल्ली बनवण्याची विद्या नाही आणि कायदा मोडण्याची इच्छाही नाही. वाहिन्या आपल्या चित्रावर अधूनमधून पेटीचा क्रमांक उमटवतात, त्यावरून चोरी कोठून झाली ते शोधता येते. चोर पकडण्याचा हा उपाय नक्कलबंदीपेक्षा कितीतरी नेमका आहे, कारण तो चोराला धरतो आणि प्रेक्षकाला सोडतो.

अमेरिकेत हा वाद आपल्याआधी झाला. चित्रपटकंपन्यांनी सोनीच्या बेटामॅक्स यंत्राविरुद्ध लावलेला खटला तेथील सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला आणि कार्यक्रम सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण उचित ठरवले. मुलांच्या कार्यक्रमांचे लोकप्रिय सादरकर्ते फ्रेड रॉजर्स यांची साक्ष तेथे झाली होती. आपला कार्यक्रम पालकांनी मुद्रित करून सवडीने मुलांबरोबर पाहावा यात आपल्याला आनंदच आहे, असा तिचा आशय होता. व्हीसीआर आपल्याला बुडवील म्हणून आकांत करणाऱ्या त्याच कंपन्यांना दशक संपण्यापूर्वी कॅसेटींपासून चित्रपटगृहांहून अधिक उत्पन्न मिळू लागले, ही पुढची गंमत. २००३ मध्ये तेथील संचार आयोगाने प्रत्येक एचडी टीव्हीने प्रक्षेपणातली नक्कलबंदीची खूण पाळलीच पाहिजे असा नियम केला, तेव्हा ग्रंथालयांची संघटना न्यायालयात गेली. आणि प्रक्षेपण घरी पोहोचल्यानंतर यंत्राने काय करावे हे ठरवण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे म्हणून २००५ च्या मे महिन्यात न्यायालयाने तो नियम रद्द केला. जपानने वेगळा मार्ग धरला. २००४ मध्ये तेथे अंकीय प्रक्षेपणाची एकच प्रत करता येईल असे बंधन आले. लोक इतके वैतागले की ४ जुलै २००८ पासून मर्यादित संख्येने, दहापर्यंत, प्रती काढण्याची मुभा द्यावी लागली. तोडगा आदर्श नाही, पण तो वाद घालून काढला गेला. आपल्याकडे वाद झालाच नाही.

आणि हा प्रश्न आजच्या सोयीपुरताही नाही. कार्यक्रम पुढे कोण जपणार, हा याहून मोठा प्रश्न त्याच्या पोटात आहे. ‘आलम आरा’ हा १९३१ चा पहिला भारतीय बोलपट; त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झाले तोवर पुष्कळ काही नाहीसे झाले होते, आणि जे मिळाले त्यातल्या जुन्या नायट्रेट फिती २००३ च्या जानेवारीतील आगीत गेल्या. दूरचित्रवाणीची स्थिती याहून नाजूक, कारण चित्रफीत महाग आणि पुसून पुन्हा वापरता येण्याजोगी. बीबीसीसारख्या धनवान संस्थेने ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे साठच्या दशकातले भाग पुसून टाकले. नव्वदीहून अधिक भागांचे चित्र अद्याप सापडलेले नाही. परंतु त्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र टिकला आहे. काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून तो मुद्रित केला होता म्हणून. फिलाडेल्फियाच्या मेरियन स्टोक्स या ग्रंथपाल महिलेने १९७९ पासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत बातम्यांच्या वाहिन्या अखंड मुद्रित केल्या; सुमारे सत्तर हजार कॅसेटी मागे राहिल्या आणि आज त्या संशोधकांसाठी जपल्या जात आहेत. शेजाऱ्यांना तो छंद विक्षिप्त वाटला असेल. आजच्या पेटीवर तो करताच आला नसता.

महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ साली सुरू झाली आणि दूरदर्शनवरून तिचे कार्यक्रम मराठी शाळांतल्या मुलांच्या दोन पिढ्यांनी पाहिले. २०१७ मध्ये संस्था बंद झाली. संस्था बंद होते तेव्हा तिच्या फितींचे काय होते, हे सरकारी दप्तरांशी ज्याचा संबंध आला आहे त्याला सांगायला नको. तिचे कार्यक्रम शेकडो शाळांच्या कपाटांत प्रतींच्या रूपाने असते, तर ती चिंता उरली नसती.

याहून जुना दाखला याच विदर्भाच्या मातीतला आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ धाडीत हरवले असे महानुभाव परंपरा सांगते, आणि अनुयायांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे राहिले. आज त्याचे अनेक पाठ मिळतात ते त्यामुळेच. माणसांपाशी प्रती होत्या, मग त्या मनातल्या का असेनात, म्हणून मराठीतला आद्य चरित्रग्रंथ वाचला. पुढे त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या गुप्त लिप्यांत बांधले. परकी नजर टाळण्यासाठी ते तेव्हा आवश्यक वाटले असेल, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण त्याचा परिणाम असा की मराठी वाङ्मयाचा केवढा तरी भाग पंथाबाहेरच्या मराठी माणसाला शतकानुशतके अज्ञात राहिला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा कोठे तो प्रकाशात येऊ लागला. गुप्त लिपी उलगडायला निदान अभ्यासक होता आणि कागद टिकला होता. पेटीतली तबकडी इतकी वर्षे टिकत नाही, आणि तिची किल्ली ज्या कंपनीकडे आहे ती कंपनी टिकेल याचीही हमी नाही.

मग करावे काय? नक्कलबंदी सरसकट उठवावी असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. नवे चित्रपट, पैसे देऊन पाहावयाचे सामने यांना संरक्षण राहू द्यावे. परंतु दूरदर्शनच्या वाहिन्या, शैक्षणिक वाहिन्या आणि बातम्या यांच्या मुद्रणावर पेटीने कुलूप घालू नये, एवढी तरी मागणी शिक्षकांच्या संघटना आणि ग्रंथालये यांनी केली पाहिजे. बाकीच्या कार्यक्रमांपुरते, मुद्रित केलेले चित्र त्याच घरातल्या दुसऱ्या यंत्रावर पाहता यावे आणि पेटी बदलली तरी ते नष्ट होऊ नये, अशी तरतूद तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. जपानने त्याहून पुढे जाऊन दाखवले आहे. प्रताधिकार कायद्याचे २०१२ साली आलेले कलम ६५-अ यालाही अनुकूल आहे. कुलूप तोडणाऱ्याला ते दोन वर्षांपर्यंतची कैद सांगते, पण हक्कभंग करण्याचा इरादा असेल तरच. कायद्याने निषिद्ध न केलेल्या कामासाठी कुलूप उघडणाऱ्याला ते सोडते, आणि त्याला साह्य करणाऱ्याने त्याचे नाव-पत्ता नोंदवून ठेवावा एवढीच अट घालते. म्हणजे तालुक्याच्या गावी एखाद्या ग्रंथालयाने वा शाळेने नोंदवही ठेवून हे काम उजळ माथ्याने करावे, अशी जागा कायद्यात आहे. नकलेच्या अर्जांची नोंदवही ठेवणाऱ्या कारकुनाला यात काही नवे वाटू नये. अडचण आहे ती पेटीच्या निकषांची, आणि तो निकष संसदेने केलेला नाही. ट्रायने तो विनियमाच्या अनुसूचीत लिहिला आहे. विनियम बदलण्यापूर्वी ट्राय सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध करते आणि त्यावर कोणाही नागरिकाकडून लेखी मत मागवते. वाहिन्या आणि केबलकंपन्या अशा प्रत्येक मसुद्यावर पानेच्या पाने लिहून पाठवतात. घाटंजीच्या शिक्षकालाही पाठवता येतील.